गुत्तीचा निळा कोळी गुत्तीत दिसतो का?

प्रश्न : मोबाइलवर गडद निळ्या रंगाच्या, अंगावर पांढरट नक्षी असलेल्या एका केसाळ कोळ्याचे छायाचित्र आले, खाली ‘गुत्ती, आंध्र प्रदेश’ असे लिहिले होते. सोलापूरमार्गे तिरुपतीला जाताना आम्हाला गुत्ती स्थानक लागते. हा कोळी तिथे दिसतो का? रंग खरा आहे का? तो विकत मिळतो, हेही खरे का?
— एक वाचक, उमरगा (जि. धाराशिव)

उत्तर : रंग खरा आहे, पत्ता मात्र फसवा आहे. ‘पोइसिलोथेरिया मेटालिका’ या शास्त्रीय नावाच्या या टॅरेंटुलाचे (मोठ्या केसाळ कोळ्याचे) वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये केले, ते गुत्तीच्या रेल्वे आवारातील लाकडाच्या वखारीत सापडलेल्या नमुन्यावरून. हा कोळी जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. त्यामुळे तो दूरच्या जंगलातून ओंडक्यांबरोबर आला असावा, असे मानले जाते, आणि गुत्तीचे नाव त्याला कायमचे चिकटले. पुढे शंभर वर्षे त्याचा पत्ताच नव्हता. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला तो गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, पूर्व घाटातील नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात. त्याचे ज्ञात क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात मावेल इतकेच आहे. तेव्हा गाडीच्या खिडकीतून तो दिसण्याची आशा नको. शिवाय तो दिवसा ढोलीत दडून असतो आणि कीटकांच्या शिकारीसाठी रात्री बाहेर पडतो.

निळा रंग रंगद्रव्याचा नाही. अंगावरील केसांच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश परावर्तित होतो, म्हणून उजेडात तो विशेष झळाळतो. हे सौंदर्यच त्याच्या मुळावर आले आहे, असे आम्हाला वाटते. जळण आणि इमारती लाकडासाठी ढोलीची जुनी झाडे तुटत आहेत, त्यातच पाळीव कोळ्यांच्या हौशी बाजारात त्याला मोठी मागणी आहे. परदेशात बंदिस्त अवस्थेत त्याची पैदास होते, त्यामुळे तो विकला जातो हे खरे. मात्र नैसर्गिक अधिवासातील त्याची स्थिती पाहून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले, तर २०१९ मध्ये ‘पोइसिलोथेरिया’ या संपूर्ण कुळगटाचा (जीनसचा) व्यापार ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली, म्हणजे परवान्याच्या बंधनाखाली आला. हौस म्हणून तो मागवण्याच्या फंदात पडू नये. त्याचा दंशही अत्यंत वेदनादायक असतो.