उरलेल्या खोकल्याच्या औषधाचं काय करायचं?

प्रश्न : घरात मुलाच्या खोकल्याचं अर्धं सिरप उरलंय. बातम्यांत बॅच नंबर सांगतात, तो कुठे पाहायचा? वास घेऊन भेसळ कळते का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : वास किंवा चवीवरून अजिबात कळत नाही. भेसळीत सापडणारं डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं विषारी रसायन गोडसरच लागतं, म्हणून तर ते ओळखू येत नाही. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. २०२५ मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ते ४८.६ टक्के सापडलं.

बॅच नंबर लेबलवर उत्पादनाच्या तारखेजवळ छापलेला असतो. शाई पुसट असेल तर बॅटरीच्या उजेडात तिरपं धरून पाहा. बातमीतल्या औषधाशी नाव, कंपनी आणि बॅच तिन्ही जुळलं पाहिजे. नुसतं नाव सारखं म्हणून घाबरू नका. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. सुटं, बाटली बदलून दिलेलं औषध घेऊच नका.

बॅच जुळली तर औषध तिथेच थांबवा. बाटली मोरीत ओतू नका, झाकण घट्ट लावून ठेवा. तपासणीला तीच लागते. दुकानदाराला कळवा आणि सांगलीच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात तक्रार द्या.

औषध पोटात गेलं असेल तर लघवीवर लक्ष ठेवा. लघवी कमी झाली, उलट्या, पोटदुखी किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट न बघता डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठा. बाटली सोबत न्या. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकला-सर्दीचं सिरप मुळात देऊच नये.