अमेरिकेत लैंगिक गुन्हेगारांवरच्या देखरेखीसाठी मिळणारे सरकारी अनुदान नेमके जाते कुठे?

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकेत लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून बाहेर आलेल्या लोकांसाठी तिथले केंद्र सरकार अनुदान देते, तर करदात्याचा पैसा अशा माणसांवर का घालवायचा, हा पहिला. तुमची मावसबहीण तिथे ज्या लहानशा सेवाभावी संस्थेत काम करते, तिला हे अनुदान मिळेल का, हा दुसरा.

मी तिथल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, प्रोबेशन खात्यात (तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणाऱ्या खात्यात) काही वर्षं हिशेबाच्या टेबलावर होतो. अर्जाचं बजेट बांधायचं, मंजूर झालं की खर्चाचे अहवाल पाठवायचे, हे माझं काम. त्या माणसांशी माझा कधी संबंध आला नाही, त्यांच्या नावाने येणाऱ्या बिलांशी आला. त्यामुळे हे उत्तर बिलांच्या बाजूने आहे.

पहिली गोष्ट, या अनुदानातला डॉलर त्या माणसाच्या हातात पडत नाही. उलट अनेक ठिकाणी उपचारांची फी, पॉलिग्राफ म्हणजे खोटं पकडण्याच्या चाचणीची फी आणि पायातल्या जीपीएस पट्ट्याचं भाडंसुद्धा त्याच्याकडूनच वसूल करतात. अनुदान जातं ते त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेकडे. यंत्रणा लागतेच, कारण बहुतेक जण आज ना उद्या बाहेर येतात, आणि काहींना तुरुंगाऐवजी थेट प्रोबेशनची शिक्षा होते. आजमितीला अमेरिकेतल्या लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी नोंदवह्यांत साडेसात लाखांहून जास्त नावं आहेत. इतक्या लोकांना आयुष्यभर कोठडीत ठेवण्याचा खर्च कोणतंच राज्य करत नाही. म्हणून ते बाहेर असताना कोण काय करणार, एवढाच प्रश्न उरतो.

या नोंदवह्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण अनुदान त्यातूनच उगवलं आहे. १९९४ च्या वेटरलिंग कायद्याने राज्यांना गुन्हेगारांची नोंद ठेवायला लावली. १९९६ च्या मेगन कायद्याने ती माहिती लोकांना कळवणं बंधनकारक केलं. २७ जुलै २००६ ला ॲडम वॉल्श कायद्यावर सही झाली. त्यातल्या नोंदणीच्या भागाला सगळे ‘सोर्ना’ म्हणतात. त्याने गुन्ह्यानुसार तीन पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीच्या माणसाने १५ वर्षं, वर्षातून एकदा हजेरी लावायची. दुसरीच्याने २५ वर्षं, दर सहा महिन्यांनी. तिसरीच्याने जन्मभर, दर तीन महिन्यांनी. कागदावर एका ओळीत मावणारं हे वाक्य काउंटीच्या पोलिस कार्यालयात किती कारकुनांचं काम होतं, ते तिसऱ्या पायरीची माणसं गुणिले चार करून बघा.

हे राबवण्यासाठी न्याय खात्यात ‘स्मार्ट’ नावाचं कार्यालय उघडलं आणि त्याच्या हातात पैसा दिला. सोबत छडीही ठेवली. जे राज्य सोर्ना पुरेसा राबवणार नाही, त्याला पोलिस व न्याययंत्रणेसाठी मिळणाऱ्या ‘बर्न’ अनुदानात १० टक्के कपात. आता गंमत बघा. टेक्सासच्या सिनेट समितीने हिशेब मांडला तेव्हा सोर्ना राबवायचा खर्च आला सुमारे ३ कोटी ८७ लाख डॉलर, आणि न राबवल्यास कपात होती सुमारे १४ लाख. टेक्सासने काय केलं असेल हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. गुन्हेगारीबाबत टेक्सास मवाळ आहे असं तर कोणीच म्हणणार नाही. कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी पन्नासांपैकी दीड डझनाच्या आसपासच राज्यं ‘पुरेशी अंमलबजावणी’ या शेऱ्यापर्यंत पोचली. आदिवासी राष्ट्रांनी (तिथल्या मूळ रहिवाशांच्या, स्वतःचं सरकार असलेल्या जमातींनी) मात्र मोठ्या संख्येने हे काम अंगावर घेतलं. कारण सरळ होतं, त्यांनी केलं नसतं तर ते राज्य सरकारकडे गेलं असतं. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं, संगणक, नोंदणी अधिकाऱ्याचा पगार असा त्यांचा खर्च या अनुदानातून भागला, आणि नोंदणीचं सॉफ्टवेअर त्यांना स्मार्टकडूनच फुकट मिळतं.

तुम्ही ज्याविषयी विचारताय ते अनुदान दुसऱ्या प्रकारचं आहे. नोंदणीचा पैसा वेगळा, देखरेखीचा वेगळा. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह ॲप्रोचेस टू सेक्स ऑफेंडर मॅनेजमेंट’ हे त्या योजनेचं लांबलचक नाव, तोंडी फक्त ‘कॅसम’. त्यामागची कल्पना अशी, की प्रोबेशन अधिकारी, उपचार करणारा मानसतज्ज्ञ आणि पॉलिग्राफ घेणारा या तिघांनी एकाच माणसाबद्दल एकमेकांशी बोलत राहायचं. पीडितांची बाजू मांडणारी व्यक्तीही त्या टेबलाशी हवी. ऐकायला साधं वाटतं. पण तिघांचे मालक वेगळे, गोपनीयतेचे नियम वेगळे, फायली वेगळ्या. उपचार चालू असताना एखादा सांगतो की परत दारू सुरू झालीय, आणि प्रोबेशनला ते दोन महिन्यांनी कळतं. अनुदान हे भोक बुजवण्यासाठी असतं. एक समन्वयक, अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण, माणूस पुन्हा गुन्हा करण्याचा धोका मोजण्याच्या पद्धती शिकणं, फी न परवडणाऱ्यांच्या उपचाराचे पैसे. स्टॅटिक ९९ आर ही सर्वात जास्त वापरली जाणारी मोजणी फक्त दहा मुद्द्यांची आहे, तिला किंमतही नाही. किंमत असते ती नीट गुण देऊ शकणाऱ्या प्रशिक्षित माणसाला.

जीपीएसबद्दल मात्र जरा जास्त बोलू द्या, कारण मंत्र्यांपासून मतदारांपर्यंत सगळ्यांना तो पट्टा आवडतो. फोटोत दिसतो ना! पट्ट्याचं रोजचं भाडं बजेटमध्ये व्यवस्थित लिहिलेलं असतं. त्यातून येणारे इशारे कोण बघणार, हे लिहिलेलं नसतं. बॅटरी उतरली, इशारा. तळघरात सिग्नल गेला, इशारा. बस शाळेवरून गेली, इशारा. रात्री अडीच वाजता आलेल्या अशा इशाऱ्यांतला खरा कोणता, हे ठरवायला माणूस लागतो आणि त्याचा ओव्हरटाइम लागतो. माणूस कुठे आहे ते पट्टा सांगतो, तिथे काय चाललंय ते नाही. माझ्यासमोर आलेल्या एका मसुद्यात पट्ट्यांची संख्या दुप्पट आणि माणसं तेवढीच होती. मी शेरा मारला, तो खोडून प्रस्ताव पुढे गेला. असो.

आता ‘का घालवायचा’ या प्रश्नाकडे. अमेरिकेच्या न्याय खात्याच्याच सांख्यिकी विभागाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, पोलिसांपर्यंत पोचलेल्या प्रकरणांतल्या अल्पवयीन पीडितांपैकी सुमारे ९३ टक्के गुन्हेगाराला ओळखत होते. घरातला, नात्यातला, ओळखीचा. झुडपामागचा अनोळखी माणूस अपवाद. म्हणजे शाळेपासून इतके फूट लांब राहा असा नियम मुख्यतः त्या अपवादासाठी आहे. आयोवाने २००० फुटांचा असा नियम लावला, तेव्हा माणसं गायब झाली नाहीत, त्यांचे पत्ते गायब झाले. ठावठिकाणा माहीत नसलेल्यांची संख्या काही महिन्यांत दुपटीवर गेली, आणि सरकारी वकिलांच्या संघटनेनेच नियम बदला म्हणून सांगितलं. २००९ मध्ये तो बराच सैल केला. नियम करायला एक पैसा लागला नव्हता. बेपत्ता लोकांना शोधायला लागला.

याउलट स्वस्तातलं एक काम आहे, ज्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. १९९४ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका पाद्र्याने, सुटून आलेल्या आणि कोणीच जवळ करत नसलेल्या एका गुन्हेगाराभोवती चार-पाच स्वयंसेवकांचं मंडळ बसवलं. आठवड्यातून एकदा भेटायचं, खोली-नोकरी शोधायला मदत करायची, आणि ‘काल संध्याकाळी कुठे होतास’ हे तोंडावर विचारायचं. आधारही, जाबही. मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने २००८ पासून ही पद्धत चालवली आणि १०० जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून तपासणी केली. २०१८ च्या अहवालात मंडळ मिळालेल्या गटात पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी निघाला, आणि खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३.७३ डॉलर वाचल्याचा अंदाज होता. शंभर माणसं म्हणजे फार नाहीत, त्यावर मी कायदा लिहिणार नाही. पण ‘का घालवायचा’ याचं मला माहीत असलेलं सर्वात चांगलं उत्तर हेच आहे. वाचलेला डॉलर म्हणजे न झालेला गुन्हा, न झालेला खटला, न भरलेली कोठडी. त्या मंडळात बसणाऱ्यांना पगार नसतो, त्यांना सांभाळणाऱ्या एका समन्वयकाला असतो.

आणि तिथेच घोडं पेंड खातं. अनुदान दोन-तीन वर्षांचं असतं. पहिले सहा-आठ महिने माणूस नेमण्यात जातात, मग काम रुळतं, आणि रुळलं की मुदत संपते. समन्वयक दुसरी नोकरी धरतो, टेबलाभोवतीची माणसं आपापल्या फायलींकडे परततात. अर्जात ‘अनुदान संपल्यावर हे कसं चालू ठेवाल’ असा प्रश्न असतोच. त्याचं उत्तर लिहिण्यात मी पटाईत झालो होतो. ते उत्तर खरं ठरताना मात्र फार कमी वेळा पाहिलं.

आता तुमच्या बहिणीसाठी. अशा योजनांत मुख्य अर्जदार बहुधा राज्य, काउंटी, शहर किंवा आदिवासी सरकार असतं. संस्थेने त्यांच्या अर्जात भागीदार म्हणून शिरावं, हा सोपा रस्ता. काउंटीच्या प्रोबेशन प्रमुखांना बहीण अनुदानाची जाहिरात निघण्याआधीच भेटली तर बरं, कारण जाहिरात निघाल्यावर त्यांना कोणालाच भेटायला वेळ नसतो. पैसे आगाऊ मिळतील अशा भरवशावर राहू नये. बहुतेक वेळा आधी खर्च आणि मग भरपाई, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचे पगार हाताशी हवेत. आधीपासून स्थानिक पैशातून चाललेला पगार अनुदानावर ढकलता येत नाही, ऑडिटला पहिलं बोट तिथेच ठेवतात. पैशाचा अहवाल दर तिमाहीला, कामाचा दर सहामाहीला. कोण किती तास कशावर होतं, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायची. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेली टाइमशीट ओळखू येते, मला येत असे.

अर्ज दोन सरकारी संकेतस्थळांवर दोन टप्प्यांत जातो, आधी ग्रँट्स डॉट गव्ह आणि मग जस्टग्रँट्स. दोन्हींच्या मुदती वेगवेगळ्या असतात आणि पहिली चुकली तर दुसरीचा उपयोग नाही. पण त्याआधी सॅम डॉट गव्ह या तिसऱ्या सरकारी संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी लागते. ती दरवर्षी नव्याने करावी लागते, आणि संस्थेचं नाव बँकेत एक, कर खात्यात दुसरं असेल तर आठवडेच्या आठवडे अडकते. अनुदान मिळो न मिळो, ही नोंदणी तिने याच आठवड्यात उघडून बघावी.