‘दोन्ही हातांनी दाढी’ म्हणजे नेमके काय?

मुठीत मिटणाऱ्या लांब पात्याच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी कशी करावी, याविषयी नवशिक्यांसाठी मराठीत टिपण लिहिणाऱ्या एका वाचकाने एक अडचण कळवली आहे. त्यांना शिकवायची असलेली पद्धत अशी : उजव्या गालावर फिरवताना वस्तरा उजव्या हातात धरायचा आणि डाव्या गालाकडे वळताना तो डाव्या हातात घ्यायचा. त्यांनी ‘दोन्ही हातांनी दाढी करायला शिका’ असे लिहिले, तेव्हा टिपण वाचणाऱ्याने विचारले की, वस्तरा दोन्ही हातांत एकदम धरायचा का? कोणी ‘सव्यसाची’ हा शब्द सुचवला, तो त्यांना फार भारदस्त वाटला. कोणी ‘डावखुरा’ सुचवला, तो अर्थाने बसेना. तर या क्रियेसाठी मराठीत नेमका शब्द कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे मत आधीच स्पष्टपणे मांडतो. या जागी एकच नाम किंवा विशेषण शोधण्याची गरज नाही, कारण मराठीची ‘जो–तो’ ही रचना हे काम अधिक चोखपणे करते. ‘ज्या बाजूचा गाल, त्या बाजूचा हात’ एवढे म्हटले की पद्धत पूर्ण कळते आणि संदिग्धतेला जागा राहत नाही. कौशल्याविषयी बोलायचे असेल तेव्हा ‘हात बसणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार हाताशी आहेच. ‘सव्यसाची’ हा शब्द माणसाला लावावा, क्रियेला नव्हे.

आता ‘दोन्ही हातांनी’ या प्रयोगात गोंधळ का होतो ते पाहू, कारण प्रश्नातला सर्वांत रोचक भाग हाच आहे. ‘दोन्ही’ या शब्दाला आपण दोन निरनिराळी कामे लावतो. ‘तिने दोन्ही हातांनी घागर उचलली’ या वाक्यात दोन हात मिळून एक काम करतात. ‘तो दोन्ही हातांनी लिहितो’ या वाक्यात मात्र कोणताही एक हात पुरेसा आहे आणि दुसराही तितकाच समर्थ आहे, एवढेच सांगायचे असते. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यांची घडण सारखीच आहे. फरक कळतो तो क्रियेच्या स्वरूपावरून, कारण घागर जड असते आणि लेखणी दोन हातांत धरून कोणी लिहीत नाही, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. शिवाय ‘दोन्ही हातांनी उधळणे’ किंवा ‘दोन्ही हातांनी लुटणे’ अशा प्रयोगांत हातांचा संबंध जवळजवळ सुटतो आणि उरतो तो केवळ मुबलकपणाचा अर्थ. म्हणजे हा शब्दप्रयोग स्वतःहून फारसे सांगत नाही. त्याचा अर्थ क्रियापद ठरवते. (लेखनाविषयी एक गोष्ट ओघानेच सांगतो : ‘दोन्ही’ हे अनेकवचनी असल्यामुळे ‘दोन्ही हाताने’ असे न लिहिता ‘दोन्ही हातांनी’ असेच लिहावे, अनुस्वारासह.)

दाढीच्या बाबतीत क्रियापद आपल्या मदतीला येत नाही, उलट अडचण वाढवते, कारण वस्तऱ्याची दाढी ही मुळातच दोन्ही हातांनी, एकाच वेळी करायची गोष्ट आहे. एक हात वस्तरा चालवतो आणि दुसरा कातडी ताणून धरतो. सैल कातडीवर धार केसाला नीट भिडत नाही आणि कातडीची वळी पात्यापुढे येऊन कापण्याचा धोका असतो, म्हणून हा ताण देणारा हात रिकामा राहूच शकत नाही. उजव्या गालावर कानाजवळून खाली येताना वस्तरा उजव्या हातात असतो, तेव्हा डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन बोटांच्या टोकांनी कल्ल्याजवळची कातडी वर ओढतात. डाव्या गालावर नेमके उलट घडते : वस्तरा डाव्या हातात जातो आणि डोक्यावरून वळून ताण देण्याचे काम उजव्याकडे येते. त्यामुळे जो माणूस जन्मभर वस्तरा फक्त उजव्या हातात धरतो, तोही दाढी ‘दोन्ही हातांनी’च करतो. टिपण वाचणाऱ्याने विचारलेली शंका अडाणीपणाची नव्हती. तसा अर्थ लावायला वाक्यात पुरेशी जागा होती.

यावर माझी सूचना अशी की, टिपणात सुरुवातीलाच ‘वस्तऱ्याचा हात’ आणि ‘ताणाचा हात’ असे दोन शब्दप्रयोग योजावेत. हे पारिभाषिक शब्द नाहीत, साधे षष्ठीचे प्रयोग आहेत, पण त्यांनी काम सोपे होते. मग ‘गाल बदलला की हातांची अदलाबदल करावी : आतापर्यंतचा ताणाचा हात आता वस्तऱ्याचा होतो’ असे एका वाक्यात लिहिता येते. ‘अदलाबदल’ या शब्दामुळे दोन्ही हात कामात आहेत हेही कळते आणि त्यांची कामे वेगळी आहेत हेही कळते. अशी दोन हातांची दोन कामे डोळ्यांपुढे उभी राहिली, की पुढे कोठे ‘दोन्ही हात’ असे लिहिले तरी वाचकाचा गैरसमज होणार नाही.

काही जण येथे ‘आलटून पालटून’ किंवा ‘आळीपाळीने’ असे लिहितील. मला हे प्रयोग योग्य वाटत नाहीत. पाळी म्हटली की एकदा हा, मग तो, पुन्हा हा, असा फेरा मनात येतो. दाढीत तसे काही नसते. एक गाल संपेपर्यंत हात बदलत नाही आणि बदलतो तो जागेमुळे, क्रमामुळे नव्हे. ‘कोणत्याही हाताने’ हाही प्रयोग सैल पडतो, कारण त्यातून निवडीची मुभा सूचित होते. येथे तर कोणत्या जागी कोणता हात हे ठरलेले आहे. हे ठरलेपण ज्या रचनेत आपोआप येते ती म्हणजे ‘ज्या–त्या’ची रचना, आणि तिचेच आटोपशीर रूप म्हणजे ‘त्या त्या बाजूच्या हाताने’. मराठीतील द्विरुक्तीचे हे सामर्थ्य आहे : ‘त्या बाजूच्या’ म्हटले तर एकच बाजू, ‘त्या त्या बाजूच्या’ म्हटले की प्रत्येक बाजूला तिचा तिचा हात नेमून दिला जातो.

‘सव्यसाची’ हा शब्द मात्र सहज बाजूला सारण्यासारखा नाही. संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे डावा, आणि ‘साचिन्’ हे रूप ‘सच्’ म्हणजे सोबत असणे, साथ देणे या धातूशी जोडले जाते; डावा हातही ज्याला साथ देतो तो सव्यसाची. महाभारतातील विराटपर्वात अर्जुन राजपुत्र उत्तराला आपल्या दहा नावांचे अर्थ सांगतो, तेव्हा या नावाची फोड तो स्वतःच करतो : ‘उभौ मे दक्षिणौ पाणी गाण्डीवस्य विकर्षणे’, गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच आहेत, आणि म्हणून देव व मनुष्य मला सव्यसाची म्हणून ओळखतात. ‘दक्षिण’ या शब्दाला ‘उजवा’ आणि ‘कुशल’ असे दोन्ही अर्थ असल्यामुळे या ओळीला खास गोडी आली आहे. धनुष्यही एका हाताने पेलायचे आणि दुसऱ्याने ओढायचे असते, म्हणजे तेथेही दोन्ही हात सदैव गुंतलेले असतात आणि कौशल्य असते ते कामांच्या अदलाबदलीत. त्या दृष्टीने हा शब्द आपल्या विषयाला फार जवळचा आहे, हे मान्य करायला हवे.

तरीही तो टिपणात न वापरण्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, आजच्या मराठीत ‘सव्यसाची’ म्हणजे दोन निरनिराळ्या क्षेत्रांत सारखाच अधिकार असलेला माणूस, असा लाक्षणिक अर्थ रूढ झाला आहे. ‘सव्यसाची लेखक’ म्हटल्यावर तो दोन्ही हातांनी लिहितो असे कोणाच्याही मनात येत नाही. दुसरे असे की, ‘सव्य’ या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाच्या मनात स्थिर नाही. जानव्याच्या संदर्भात सव्य ही नेहमीची स्थिती आणि अपसव्य ही तिच्या उलट. त्यामुळे सव्य म्हणजे उजवे, असे अनेकांना वाटते. ज्या लिखाणात डावे-उजवे चुकले तर गालावर रक्त येईल, तेथे असा दोलायमान शब्द टाळलेलाच बरा. मात्र अर्जुनाच्या वाक्याचा मराठी आशय हवा तर घ्यावा. ‘सरावानंतर त्याचे दोन्ही हात उजवे झाले’ हे वाक्य मला निर्दोष आणि सुंदर वाटते, कारण मराठीतही ‘उजवा’ म्हणजे सरस हा अर्थ ‘उजवा ठरणे’ या प्रयोगात जिवंत आहे.

‘डावखुरा’ आणि त्याच अर्थाचा ‘डावरा’ हे शब्द स्वभावतः डावा हात पुढे करणाऱ्या माणसाचे आहेत. डावा हात तयार केलेल्या उजव्या माणसाला ते लागू होत नाहीत. ‘उभयहस्तकुशल’ असा समास घडवता येतो, पण तो शब्दकोशात शोभेल, साबणाचा फेस लावून आरशापुढे उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिलेल्या सूचनांत नव्हे.

आता ‘हात बसणे’. एखाद्या कामावर हात बसतो, म्हणजे विचार न करता तो ते काम बिनचूक करू लागतो. या वाक्प्रचारात हात हा कर्ता आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘मला डाव्या हाताने दाढी करता येते’ आणि ‘वस्तऱ्यावर माझा डावा हात बसला’ या दोन वाक्यांत दुसरे अधिक खरे आहे, कारण माणसाला सगळे माहीत असूनही त्याच्या डाव्या हाताला ते माहीत नसते. वस्तऱ्याचे पाते कातडीशी साधारण ३० अंशांचा कोन करून धरायचे, तीन बोटे पात्यामागच्या दांडीवर आणि करंगळी शेपटीच्या वळणात ठेवायची, दाब द्यायचा नाही, ओढ हलकी ठेवायची, हे सारे उजव्या हाताला जमत असते. तोच वस्तरा डाव्यात घेतला की मनगट ताठ होते, पाते नकळत उभे राहते आणि कातडी खरवडली जाते. म्हणून शिकवणारे डाव्या हाताला आधी डाव्या गालाचा सपाट भाग देतात, कल्ल्यापासून जबड्यापर्यंतचा, आणि हनुवटी व वरचा ओठ काही काळ सरावाच्या हाताकडेच ठेवतात. ही प्रक्रिया सांगायला ‘डाव्या हाताला वळण लावणे’, ‘हात वळणे’, ‘हात बसणे’ असे चढत्या क्रमाचे प्रयोग मराठीत तयार आहेत, आणि दाब न देण्याच्या सूचनेसाठी ‘हात हलका ठेवणे’ याहून चांगला शब्दप्रयोग मला माहीत नाही. क्रियापदांतही निवड करावी : वस्तरा ‘धरणे’ ही स्थिती, ‘चालवणे’ हे कौशल्य, आणि ‘फिरवणे’ ही गालावरची प्रत्यक्ष हालचाल. ‘मारणे’ बोलण्यात ऐकू येते, पण सूचनांत ते नको, कारण त्यातून जोर सूचित होतो.

याच टिपणात आणखी एक शब्द घात करू शकतो, तो म्हणजे ‘उलटा हात’. केसांच्या वाढीच्या दिशेने वस्तरा फिरवणे म्हणजे सुलटा हात आणि वाढीच्या विरुद्ध फिरवणे म्हणजे उलटा हात, असा दाढीच्या संदर्भातला अर्थ आहे. पण ‘उलट्या हाताची थप्पड’ म्हणताना आपल्याला तळहाताची मागची बाजू अभिप्रेत असते, आणि काही जण डाव्या हातालाही उलटा हात म्हणतात. हातांच्या अदलाबदलीविषयीच्या लिखाणात हे तिन्ही अर्थ एकमेकांवर आदळतील. नवशिक्याने डाव्या हाताने फक्त वाढीच्या दिशेने वस्तरा फिरवावा, ही महत्त्वाची सूचना ‘डाव्या हाताने उलटा हात फिरवू नये’ अशी लिहिली तर ती कळणार नाही. तेथे ‘केसांच्या वाढीच्या दिशेने’ आणि ‘वाढीच्या विरुद्ध’ असे पूर्ण शब्द लिहावेत. वाक्य लांबले तरी हरकत नाही.

तसाच भेद ‘डावा गाल’ आणि ‘डावीकडचा गाल’ यांत पाळावा. ‘डावा’ हे शरीराचे अंग सांगते आणि ते कोठूनही पाहिले तरी बदलत नाही. ‘डावीकडचा’ हे पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. आरशात आपला उजवा गाल आपल्याला उजवीकडेच दिसतो, पण समोरून काढलेल्या चेहऱ्याच्या चित्रात तोच उजवा गाल डावीकडे येतो. टिपणात चित्रे असतील तर ‘डावीकडचा’ हा शब्द अजिबात येऊ देऊ नये, आणि ‘डावा’, ‘उजवा’ हे शब्द नेहमी वाचकाच्या स्वतःच्या शरीराचे आहेत, असे एकदा सांगून ठेवावे.

शेवटी, ‘रेझर’ लिहावे की ‘वस्तरा’, असेही या वाचकाने जाता जाता विचारले आहे. ‘वस्तरा’ लिहावे. हा शब्द फारसीतील ‘उस्तुरा’शी नाते सांगणारा असला तरी मराठीत पूर्ण मुरलेला आहे, तर ‘रेझर’ म्हटले की आज कोणाच्याही डोळ्यांपुढे आडव्या पात्याचे, दांड्याचे हत्यार येते, ज्याच्या बदलत्या पात्यासाठी किंग जिलेट यांना अमेरिकेत १९०४ साली पेटंट मिळाले. अडचण एवढीच की, अर्धे मोडून घेतलेले ब्लेड बसवायचे घडीचे हत्यारही आता वस्तराच म्हणवते, आणि त्याला ना दगडावर धार लावावी लागते, ना चामड्याच्या पट्ट्यावर घासावे लागते. म्हणून टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात ‘धार लावून वापरायचा, अखंड पात्याचा वस्तरा’ असे एकदा स्पष्ट लिहावे आणि त्यापुढे नुसते ‘वस्तरा’ म्हणावे.