कॅलेथियाला (नक्षीदार पानांचं घरात ठेवायचं झाड) रोज पाणी घालतो, फवारतो, तरी पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. काय चुकतंय?

पाणी कमी पडत नाहीये, बहुतेक ते खारं आहे. पानातून पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार कडेला साठत जातात, म्हणून आधी कडाच जळतात. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी घालत असाल तर आजपासून बंद करा. रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन जातो, क्षार जात नाहीत. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. ते नसेल तर आरओचं पिण्याचं पाणी घाला. त्या मशीनच्या नळीतून वाया जाणारं मात्र नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

मग झाड कुंडीतून काढून मुळं बघा. नर्सरीतली बरीच झाडं चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतात. गोळा सुकला की पाणी बाजूने वाहून जातं, ओला राहिला की मुळं कुजतात. अर्धा तास बादलीत बुडवून माती सोडवा, काळी मऊ पडलेली मुळं कापा. २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग परलाइट (पांढरे हलके खनिज दाणे), १ भाग गांडूळखत असं मिश्रण करा. कोकोपीटमध्येही मीठ असतं, त्यामुळे २-३ पाण्यांनी धुऊन घट्ट पिळल्याशिवाय वापरू नका. कुंडी मुळांपेक्षा फार तर दोन इंच रुंद, तळाला भोकं असलेली.

यापुढे रोज पाणी नको. वरचा इंचभर थर सुकला की तळातून वाहीपर्यंत घाला आणि बशीत साठलेलं ओतून द्या.

हे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण जंगलांत मोठ्या झाडांखाली वाढतं. थेट उन्हात पानांवरची नक्षी फिकी पडते, पण अंधारा कोपराही त्याला चालत नाही. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीपासून ३-४ फुटांवर ठेवा, एसीच्या झोतात कधीच नको. फवारणीचा ओलावा काही मिनिटांत उडतो; त्यापेक्षा चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवणं मला जास्त पटतं. रात्री पानं उभी राहतात तो त्याचा स्वभाव. दिवसाही गुंडाळलेली दिसली तर माती तपासा.

उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी आणि वर फिके ठिपके दिसले तर ती लाल कोळी नावाची कीड. पानं दोन्ही बाजूंनी धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि लिक्विड सोपचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर करून बघा, दर ५-७ दिवसांनी असं तीनदा.

करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. फरक नव्या पानांत दिसेल. ती स्वच्छ येईपर्यंत रासायनिक खत देऊ नका, तेही क्षारच असतं.