विसर्ग गेला कुठे?

प्रश्न : परदेशातल्या श्रोत्यांसाठी आमचा पाच जणांचा गट अथर्वशीर्ष रेकॉर्ड करतो आहे. ‘भद्रं कर्णेभिः’मधला ‘भ’ धप्पकन आपटतो आणि सॉफ्टवेअरने घरघर पुसण्याच्या सफाईनंतर विसर्ग ऐकूच येत नाही. माइक बदलावा का?

उत्तर : माइक नको, त्याची जागा बदला. महाप्राण अक्षराबरोबर सुटलेला हवेचा झोत थेट माइकच्या पडद्यावर आदळतो. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि ओठांसमोरून जरा बाजूला ठेवा, मध्ये पॉप फिल्टर (झोत अडवणारी जाळी) लावा. चाचणी ‘फ’ आणि ‘भ’ म्हणून घ्या; ‘हॅलो हॅलो’ने काही कळत नाही.

विसर्ग मात्र सफाईतच मारला जातो. तो जवळजवळ निव्वळ श्वास. नॉइज रिडक्शनला, म्हणजे घरघर पुसणाऱ्या सोयीला, तो पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. म्हणून घरघर नंतर पुसण्यापेक्षा आधीच थांबवा : पंखा, एसी, फ्रिज बंद, भिंतींवर जाड रजया. तरीही सफाई लागलीच तर 6 डेसिबलवर थांबा. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारी सोय, वापरूच नका. पातळी ‘उणे 10’ डेसिबलच्या आसपास ठेवून 24 बिटमध्ये रेकॉर्ड केलंत, तर आवाज फाटत नाही आणि हळू अक्षरंही हाती लागतात.

दुसरं कारण तुमच्या गटातच असू शकतं. ‘कर्णेभिः शृणुयाम’ विसर्गाने म्हणायचं की ‘कर्णेभिश्शृणुयाम’ असं जोडून? दोन्ही शुद्ध. पण तिघांनी एक आणि दोघांनी दुसरं म्हटलं की नुसता फुसफुसाट उरतो. श्वास कुठे घ्यायचा, तेही संहितेवर पेन्सिलीने खुणा करून ठरवा.

आणि सूर आपोआप दुरुस्त करणारं ऑटोट्यून नको! ‘भद्रं कर्णेभिः’ हा शांतिमंत्र ऋग्वेदातला. सस्वर म्हणताना वैदिक स्वरांपैकी अनुदात्त खाली, स्वरित वर जातो. सॉफ्टवेअर ते जवळच्या सुरावर ओढून बसवतं. सूर टिकवायला तंबोरा कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमधून एका कानात द्या.

प्रश्न : देवनागरी न वाचणाऱ्यांसाठी सोबत रोमन पाठ द्यायचा आहे. कसा लिहावा?

उत्तर : खुणांसकट. दीर्घ ‘आ’वर आडवी रेघ, ट, ण, ष आणि विसर्गाच्या खाली टिंब. नाहीतर ‘गण’ आणि ‘गान’ एकच दिसतात.

प्रश्न : स्तोत्र जुनं आहे, मग हक्काचा प्रश्न येतो का?

उत्तर : संहितेचा नाही, चालीचा येऊ शकतो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, त्यामुळे कुणाचं तयार संगीत खाली वाजवू नका. मूळ ट्रॅक जपून ठेवा. रेकॉर्डिंग ऑनलाइन टाकल्यावर तिथल्या आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेने चुकून हक्काचा दावा लावला तर तेच दाखवता येतात.