बेल्जियममधल्या गेंटला जाताय? ग्रासलेई या जुन्या नदीघाटासाठी संध्याकाळ राखून ठेवा
पहिल्यांदाच जाताय, तर ग्रासलेई भरदुपारी घाईत उरकू नका. दिवेलागणीला सेंट मायकेल पुलावर उभे राहा. लेये नदीत सगळा घाट उतरलेला दिसतो. काठावरची काळपट दगडी इमारत म्हणजे जुनं धान्यकोठार, साधारण १२०० सालचं. नदीने येणाऱ्या धान्यातला ठरावीक वाटा शहरात उतरवावाच लागे, गेंटची श्रीमंती त्यावरही पोसली. त्याला खेटून इवलंसं जकातघर आहे, १६८२ चं. माझं सर्वांत लाडकं, ते चुकवू नका! नावाड्यांच्या संघाचं घर १५३१ चं. दारावर कोरलेलं जहाज शोधा. बऱ्याच दर्शनी भिंती १९१३ च्या जागतिक प्रदर्शनाआधी डागडुजी केलेल्या आहेत. मग पलीकडे, कोरनलेईच्या काठावर निवांत बसा.