पागोळ्या बघून शिकलेला मुलगा

चिपळूणच्या ताईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला आहे. मागच्या पडवीत त्याने काळी चादर टांगली, पीव्हीसी पाइपला भोकं पाडून पाऊस केला, चुलत बहिणीला त्याखाली उभं केलं आणि हॅलोजन लावून फोटो काढले. तिसऱ्या संध्याकाळी त्याचे बाबा घरी आले. ते स्वतः वायरमन. ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड दिसताच त्यांनी मेन स्विच बंद केला आणि तेव्हापासून बापलेकांचा अबोला आहे. मुलाला सव्वा लाखाचा कॅमेरा हवाय, बाबांना इंजिनिअरिंग हवंय, आणि तुम्ही विचारता, 'या पाण्याच्या खेळावर पोट भरेल का?'

आधी फोटोंबद्दल बोलतो, कारण उत्तर तिथेच आहे. पहिल्या दोन दिवसांच्या फोटोंत बहीण चिंब भिजलेली दिसते, पण पाऊस कुठेच नाही. तिसऱ्या दिवशी हॅलोजन तिच्या पाठीमागे गेला आणि काळ्या चादरीवर थेंब न् थेंब उठून दिसला, केसांच्या कडेला चांदीची रेघ आली. पाणी पारदर्शक असतं. समोरून टाकलेला उजेड बहुतेक आरपार निघून जातो. मागून आलेला उजेड थेंबात वाकतो आणि कॅमेऱ्याकडे वळतो, म्हणून थेंब चमकतो. जाहिरातींच्या स्टुडिओत पावसाचं शूट याच तत्त्वावर उभं असतं: मागे गडद पडदा, पाण्याच्या मागून किंवा तिरका जोरदार लाइट, आणि चेहऱ्यासाठी समोरून अगदी मवाळ उजेड. हे कुणी शिकवलं, असं तुम्ही विचारल्यावर तो म्हणाला, 'पागोळ्या बघून.' ताई, मी समुपदेशनाकडे वळण्याआधी अकरा वर्षं प्रॉडक्ट फोटोग्राफी केली. मदतनीस म्हणून आलेल्या किती मुलांना ही गोष्ट हाताला धरून दाखवावी लागली! तुमच्या मुलाला बघता येतं. याची किंमत कॅमेऱ्याहून जास्त आहे.

पण त्याच्या बाबांनी मेन बंद केला, ते शंभर टक्के बरोबर केलं. माझ्या उमेदवारीच्या काळात एका स्टुडिओत तापलेल्या हॅलोजनवर शिंतोडा उडाला आणि काच फुटून तुकडे मॉडेलच्या पायाशी पडले. कुणाला लागलं नाही, पण तो आवाज आजही कानात आहे. म्हणून पाण्याच्या शूटचा पहिला धडा घरातच आहे आणि तो बाबांनी द्यायचा. पडवीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच, बसवावा, आर्थिंग तपासावं, बोर्ड आणि जोड जमिनीपासून वर आणि पाण्यापासून लांब असावेत, स्टँडवर वाळूच्या पिशव्या टाकाव्यात. हॅलोजन पाण्याजवळ नकोच. बॅटरीवर चालणारा फ्लॅश वापरावा आणि त्यालाही शिंतोडे लागू देऊ नयेत. हे काम दोघांनी मिळून केलं, तर अबोलाही सुटेल असं मला मनापासून वाटतं.

आता हे त्याला वाचायला द्या. बाळा, तुझ्या फोटोत थेंबांच्या रेघा आल्यात. दोन मीटरवरून पडलेला थेंब खाली येताना सेकंदाला सहा मीटरच्या वर वेग घेतो. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या २००व्या भागापुरतंच उघडलं, तरी तेवढ्यात तो सुमारे ३ सेंटिमीटर सरकतो, म्हणून रेघ. महागड्या कॅमेऱ्यातही फ्लॅशबरोबर शटर साधारण एवढंच वेगवान ठेवता येतं. थेंब गोठवतो तो फ्लॅशचा क्षण. कॅमेऱ्यावर लावायचे बरेच फ्लॅश अगदी कमी पॉवरवर सेकंदाच्या २०,०००व्या भागाइतकेच चमकतात. तेवढ्यात थेंब अर्धा मिलिमीटरही हलत नाही. खोलीत अंधार हवा आणि फ्लॅश पाण्याच्या जवळ, कारण कमी पॉवरचा उजेड लांबवर पुरत नाही. जुन्या स्टुडिओ स्ट्रोबमध्ये, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या फ्लॅशमध्ये, मात्र पॉवर कमी केली की चमक लांबते, हे लक्षात ठेव. आणि बाटलीवरच्या थेंबांचा सराव कर: पाणी आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं, स्प्रेने मार. ते थेंब बराच वेळ ओघळत नाहीत, निवांत लाइट हलवता येतो.

पोट भरण्याचं विचारलंत. शीतपेयं, सौंदर्यप्रसाधनं, फॅशन, दागिने या सगळ्यांच्या जाहिरातींना हे काम लागतं आणि त्यातलं बरंचसं मुंबईत आहे. सुरुवात कुणाच्या तरी हाताखाली, लाइट उचलण्यापासून होते. दिवस लांबलचक, पैसे उशिरा. पाण्याचे शिंतोडे आता संगणकावरही बनवतात, हे लपवणार नाही. पण तिथेही उजेड कुठून येतो हे कळणारा माणूस लागतोच. नुसता कॅमेरा बाळगणाऱ्याला हा धंदा अवघड जाईल. लाइट कळणाऱ्याला काम मिळत राहील, असं माझं मत आहे.

बारावी मात्र नीट द्यायची. नंतर राज्याची एएसी सीईटी ही कलाशिक्षणाची प्रवेश परीक्षा देऊन उपयोजित कलेच्या (अप्लाइड आर्ट) चार वर्षांच्या बीएफए या पदवीला जाता येईल. त्यात फोटोग्राफी शिकवतात आणि जाहिरातीचं एकूण कामही कळतं. मी हाच रस्ता आधी सुचवेन. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये फोटोग्राफीचा पदवी अभ्यासक्रम आहे. तिथला खर्च आधी विचारून घ्या. पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत सिनेमॅटोग्राफी किंवा एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइन हे पर्याय खुले राहतात. इंजिनिअरिंगला त्याचं मन नसेल तर ढकलू नका. त्याचं फिजिक्स वाया जाणार नाही, वर पाहिलंतच.

कॅमेरा आत्ता घेऊ नका. आहे तोच पुरेसा आहे. एक साधा, हाताने पॉवर कमी-जास्त करता येणारा फ्लॅश, तो दुरून चमकवणारा एक ट्रिगर, एक स्टँड आणि तो ईएलसीबी, एवढंच घ्या. मग पडवीतल्या पागोळ्यांचे दोन फोटो त्याला काढायला सांगा, एक उजेड समोरून, एक मागून, आणि दोन्हींत फ्लॅश कुठे ठेवला होता ते कागदावर काढून मला पाठवा. तारा कशा नेल्या, ते बाबांनी त्याच कागदावर लिहावं.